कोर्दोबात कुठे जेवायचं, केव्हा जेवायचं आणि काय मागवायचं

माद्रिदहून सुटलेली वेगवान रेल्वे पावणेदोन तासांत दक्षिण स्पेनमधल्या कोर्दोबाला पोचते आणि पुढच्या पाऊण तासात सेव्हिलला. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक सहलींत कोर्दोबाच्या वाट्याला एक दुपार येते. मेस्कीता, म्हणजे इथली जुनी मशीद आणि आताचं कॅथेड्रल, पाहायची, तिच्या भिंतीलगतच्या गल्लीत फोटोंचा मेन्यू लावलेल्या ठिकाणी बसायचं, कोमट पाएया (केशर घातलेला भात) खायची आणि स्टेशन गाठायचं. पाएया मुळात वालेन्सियाकडची, कोर्दोबाची नव्हे. कोर्दोबाचं स्वतःचं जेवण मोजक्या पदार्थांचं आणि फार जुन्या वळणाचं आहे. ते मिळवायला महागडं हॉटेल लागत नाही. इथलं घड्याळ पाळलं, पाच-सहा पदार्थ ओळखीचे करून घेतले आणि अर्धा वाटा मागायला शिकलं की काम झालं. हॉटेलांची नावं त्यानंतरची गोष्ट.

एक रात्र तरी राहा

संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला दिवसभरासाठी आलेले गट परततात आणि शहर पुन्हा रहिवाशांचं होतं. रात्री नऊला एखाद्या ताबेर्नात शिरलात तर शेजारच्या टेबलावर आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळं घर बसलेलं दिसेल. ताबेर्ना म्हणजे जुन्या धाटणीची खाण्यापिण्याची जागा: मध्ये अंगण, भिंतींवर रंगीत फरशा, कोपऱ्यात वाइनची पिंपं. याच जागांसाठी इथे राहायचं. राहायची खोली स्टेशनजवळ न घेता कोर्रेदेरा चौकाच्या (प्लाथा दे ला कोर्रेदेरा) किंवा सान आंद्रेसच्या बाजूला घेतली तर मेस्कीता दहा-पंधरा मिनिटांच्या पायी अंतरावर राहते आणि जेवायच्या चांगल्या जागा हाताशी येतात.

घड्याळ बदला

आपल्या माणसांची सगळ्यात जास्त पंचाईत वेळेवरून होते. साडेबाराला भूक लागते तेव्हा स्वयंपाकघर उघडलेलं नसतं. संध्याकाळी सातला जेवायला निघावं तर कुठे फक्त पेयं मिळतात, कुठे दारच बंद असतं. दुपारचं जेवण दीड-दोन ते चार, रात्रीचं साडेआठ-नऊनंतर. मधले चार तास बहुतेक स्वयंपाकघरं थंड असतात, आणि त्या वेळात गरम जेवण देणाऱ्या जागा मुख्यतः पर्यटकांवर चालतात. म्हणून सकाळचा नाश्ता भरपूर करा, दुपारचं जेवण दिवसातलं मोठं जेवण समजा आणि रात्री थोडं-थोडं खा. स्थानिक लोकही साधारण असंच करतात.

सोबत लहान मुलं किंवा वेळेवर गोळ्या घेणारे ज्येष्ठ असतील तर पासेओ दे ला विक्तोरियावरचा मेर्कादो विक्तोरिया लक्षात ठेवा. एकोणिसाव्या शतकातल्या लोखंडी मांडवात २०१३ साली हा खाद्यबाजार सुरू झाला. तिथले बरेच गाळे दुपारभर चालू असतात, प्रत्येकाला वेगवेगळं घेऊन एकाच टेबलावर बसता येतं आणि पदार्थ समोर मांडलेले असल्याने बोट दाखवून मागता येतं. तिथलं जेवण ताबेर्नाच्या तोडीचं नाही, पण अडीअडचणीला ही जागा फार उपयोगी पडते.

आणखी एक. अनेक जुन्या जागा रविवारी रात्री आणि सोमवारी बंद असतात, काही रविवारी पूर्ण दिवस. ऑगस्टमध्ये तर मालकच सुट्टीवर जातात. एखाद्याच ठिकाणावर मन बसलं असेल तर निघण्याआधी त्यांचे वार पाहा आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्रीसाठी टेबल राखून ठेवा.

काय मागवायचं

सुरुवात साल्मोरेखोने. पिकलेले टोमॅटो, पांढरा पाव, लसूण, मीठ आणि ऑलिव्ह तेल एकत्र वाटून गार केलेला हा पदार्थ कोर्दोबाची ओळख आहे. साल्मोरेखोसाठीच स्थापन झालेल्या इथल्या एका मंडळाने त्याचं प्रमाणही ठरवून ठेवलंय: एक किलो टोमॅटोला २०० ग्रॅम तेलेरा नावाचा स्थानिक पाव, १०० ग्रॅम तेल, लसणाची एक पाकळी, १० ग्रॅम मीठ. पाणी अजिबात नाही. गास्पाचो, म्हणजे टोमॅटोचं दुसरं गार सूप, पातळ असतो, त्यात काकडी आणि ढोबळी मिरची असते, तो पेल्यातून पितात. साल्मोरेखो चमच्याने खायचा. चांगला साल्मोरेखो ओळखायची खूण सोपी आहे. टोमॅटो लाल असले तरी तो केशरी दिसतो, कारण वाटताना तेल पूर्ण एकजीव होतं. कडेला पाणी सुटलेलं दिसलं किंवा रंग नुसता लाल असला तर पाव-तेलात हात आखडलाय असं समजा. वर उकडलेल्या अंड्याचे आणि खामोनचे, म्हणजे खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांडीचे तुकडे पेरतात.

साल्मोरेखोच्या आधीचं रूप म्हणजे मासामोर्रा, आणि मला ती जास्त आवडते. टोमॅटो अमेरिकेतून येईपर्यंत स्पेनमध्ये कुणाला ठाऊक नव्हता. त्या काळात पाव, लसूण, तेल आणि व्हिनेगर यांच्यासोबत बदाम वाटत. ती पांढरी, गार, किंचित आंबट मासामोर्रा आजही काही ताबेर्नांत मिळते, वर द्राक्षं, मनुका किंवा ऑलिव्ह घालून. मेन्यूवर दिसली तर सोडू नका. एका टेबलावर दोन्ही मागवा, शेजारी ठेवून खा. टोमॅटो येण्याआधीचं कोर्दोबा आणि नंतरचं कोर्दोबा दोन वाट्यांत समोर येतं.

तिसरा पदार्थ वांग्याचा: बेरेन्खेनास कोन मिएल दे कान्या. वांग्याच्या पातळ चकत्या किंवा लांब काड्या पिठात घोळवून कुरकुरीत तळतात आणि वरून काकवीची धार सोडतात. हो, मिएल दे कान्या म्हणजे काकवीच. मालागाजवळच्या फ्रिखिलियाना गावात ती अजून उसापासून करतात. वांगं भारताच्या बाजूने इराण आणि अरब मुलुखातून इथे आलं. उसापासून साखर करायची विद्याही त्याच वाटेने आली. दहाव्या शतकात कोर्दोबा उमय्या या अरब घराण्याच्या खिलाफतीची राजधानी होती आणि युरोपातल्या सगळ्यात मोठ्या शहरांत गणली जात होती. ही पिकं आंदालुसियाच्या, म्हणजे दक्षिण स्पेनच्या मळ्यांत रुजली ती अरबांच्याच अमलात. मराठी माणसाने हा पदार्थ इथे खाताना एवढं जरूर आठवावं. काही ठिकाणी काकवीऐवजी सोबत साल्मोरेखो देतात. तेही छान लागतं, पण पहिल्यांदा काकवीच घ्या.

मांसाहारी असाल तर फ्लामेंकीन आणि राबो दे तोरो. फ्लामेंकीन म्हणजे डुकराच्या मांसाचा पातळ काप खामोनभोवती गुंडाळून, पावाचा चुरा लावून तळलेली लांब गुंडाळी. एकट्याला एक संपत नाही, दोघांत घ्यावी. राबो दे तोरो म्हणजे बैलाच्या शेपटीचं मांस वाइन आणि भाज्यांत तासन्‌तास शिजवून केलेला दाट रस्सा. गोवंशाचं मांस वर्ज्य असलेल्यांनी हे नाव पाठ करून ठेवावं, कारण क्रोकेटांच्या सारणातही ते घालतात. कोकराचं मांस चालत असेल तर कोर्देरो आ ला मिएल, म्हणजे मधात शिजवलेलं कोकरू पाहा. जुन्या अंदालुसी चवीची आठवण देणारा हा पदार्थ आहे.

एक कोशिंबीरही सांगतो, कारण नाव वाचून कुणी मागवत नाही. नारान्खा पिकादा: संत्र्याचे तुकडे, पातीचा कांदा, खारवलेला कॉड मासा आणि वर ऑलिव्ह तेल. गोड, खारट आणि कडसर तेल तोंडात एकत्र येतं तेव्हा हिवाळ्यातलं हे जेवण कळतं. रस्त्यांवरची आणि मेस्कीताच्या अंगणातली संत्री मात्र तोडून खाऊ नका. ती कडू जातीची असतात.

शाकाहारी असाल तर

कोर्दोबात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण बेसावध राहिला तर फसतो. इथे खामोन चव आणण्यासाठी वापरतात, आणि मांस नको म्हटलं तरी वाढणाऱ्याच्या मनात खामोन मांसात मोजलेलं असेलच असं नाही. म्हणून नुसतं शाकाहारी आहे म्हणून थांबू नका. स्पष्ट म्हणा: ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, खामोन, मासे काही नको. अंडं नको असेल तर ‘सिन उएबो’. एखाद्या पदार्थात ते आहे का हे विचारायचं असेल तर ‘येबा खामोन?’, ‘येबा उएबो?’

साल्मोरेखो आणि मासामोर्रा वरचं काही न घालता सांगितली की पूर्ण वनस्पतीजन्य असतात. वांगी बहुधा चालतात, पण पिठात अंडं आहे का आणि तेच तेल माशांना वापरतात का, हे विचारा. पिस्तो म्हणजे टोमॅटो, ढोबळी मिरची, कांदा, दुधी जातीची कोवळी भाजी असं एकत्र परतलेलं, वर अंडं असतं ते काढायला सांगता येतं. अंडं खात असाल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, आहेच. आर्टिचोक ही कळीची भाजी दक्षिणेकडच्या मोन्तिया गावाच्या पद्धतीने करतात त्यात बहुतेक वेळा खामोन असतो. पालेभाजी, वाल, मसूर, छोले अशा नावांखालीही चोरीसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) किंवा खामोन निघतो. मिश्र सॅलडवर टूना पडतो आणि बटाट्याच्या गार सॅलडमध्येही. गोडाच्या पदार्थांत डुकराची चरबी, मान्तेका, असू शकते. बेकरीत ‘येबा मान्तेका?’ असं विचारण्यात संकोच करू नका.

जैन पद्धतीने जेवणाऱ्यांनी ताबेर्नांच्या भरवशावर राहू नये, कारण लसूण जवळजवळ सगळ्यात आहे. त्यांच्यासाठी स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेणं आणि कोर्रेदेरा चौकातल्या मंडईतून सकाळी भाजी, फळं, बदाम, तेल आणणं हाच नीट मार्ग. मंडई दुपारी आवरते आणि रविवारी बंद असते. दारू वर्ज्य असलेल्यांनी रश्श्यांबद्दल विचारावं, कारण इथे बरंच काही मोन्तियाच्या वाइनमध्ये शिजतं.

मागवायची रीत

मेन्यूवर एकाच पदार्थापुढे दोन-तीन किमती दिसतात. तापा म्हणजे चवीपुरती बशी, मेदिया रासिओन म्हणजे अर्धा वाटा, रासिओन म्हणजे पूर्ण. दोघांनी चार मेदिया मागवल्या तर जेवण होतं. पूर्ण रासिओन चौघांसाठी ठीक. सगळं एकदम मागवू नका. दोन गार पदार्थ आधी, ते संपत आले की गरम. ग्रानादात पेयासोबत तापा फुकट येतो हे ऐकून लोक कोर्दोबातही तशी अपेक्षा धरतात. इथे ती पद्धत सर्रास नाही, फार तर ऑलिव्हची वाटी येईल.

पाव आणि पिकोस नावाच्या कुरकुरीत कांड्या न मागता येतात आणि बिलात थोडी रक्कम लागते. ही लबाडी नव्हे, इथली रीत आहे. बाहेर चौकातल्या टेबलावर तोच पदार्थ आतल्यापेक्षा किंचित महाग असू शकतो. पाणी मात्र विकत घ्यायची गरज नाही. २०२२च्या एका कायद्याने स्पेनमधल्या खानावळींना नळाचं पाणी फुकट देणं बंधनकारक केलंय. ‘अग्वा देल ग्रीफो’ म्हणा. बक्षिशी सक्तीची नाही. कामाच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ची पाटी दिसली तर पाहा: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, गोड किंवा कॉफी, अनेकदा पेयासह, साधारण १२ ते १८ युरोंत. बिल मागितल्याशिवाय येत नाही, त्यामुळे तिष्ठत बसू नका. ‘ला क्वेन्ता, पोर फावोर.’

कुठे: सकाळपासून रात्रीपर्यंत

सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ मेस्कीतात फुकट प्रवेश असतो आणि गर्दीही कमी. आधी तो तास पदरात पाडून घ्या. मग कोर्रेदेरा चौकाकडे चालत जा. सतराव्या शतकातला हा कमानींनी वेढलेला आयताकृती चौक सकाळी फार प्रसन्न असतो. तोस्तादा मागवा: भाजलेला पाव, वर किसलेला टोमॅटो, मीठ आणि तुम्ही स्वतः ओतायचं ऑलिव्ह तेल. हात सैल सोडून ओता. कोर्दोबा प्रांतात बाएना आणि प्रिएगो या नावाजलेल्या तेलांचे प्रदेश आहेत, आणि चांगलं तेल घशाशी किंचित खवखवतं, तो दोष नव्हे. गोड हवं असेल तर खेरिंगोस, म्हणजे चुर्रोंची (तळलेल्या पिठाच्या कांड्यांची) इथली जात, आणि दाट चॉकलेट.

अकरा-साडेअकराला मेस्कीताच्या पूर्वेकडच्या भिंतीसमोर बार सान्तोस गाठा. सुरुवातीला मेस्कीतालगतच्या जागांना नावं ठेवली, त्याला हा एक ठाम अपवाद. १९६६पासूनचं हे इवलंसं दुकान आणि त्यांची वीतभर उंच बटाट्याची तोर्तिया, एकेका चक्रात तीसेक अंडी. केकसारखा तुकडा कापून देतात, उभ्यानेच खायचा. जेवणाच्या वेळेला रांग लांबते, म्हणून ही मधली वेळ बरी.

दुपारच्या जेवणासाठी माझी पहिली पसंती ताबेर्ना सालिनासला. कोर्रेदेराच्या जवळ, १८७९पासून चालू, आत काचेच्या छताचं अंगण. संत्र्याची ती कोशिंबीर इथेच घ्या, सोबत वांगी आणि साल्मोरेखो. दोनच्या आत पोचलात तर टेबल मिळायची शक्यता चांगली. तिथे जागा नसेल तर जवळच सान फ्रान्सिस्को रस्त्यावर सोसिएदाद दे प्लातेरोसची ताबेर्ना आहे. चांदीकाम करणाऱ्या कारागिरांनी १८६८ साली एकमेकांच्या मदतीसाठी संस्था काढली आणि तिच्या खर्चासाठी वाइन विकायला ताबेर्ना उघडल्या, त्यांतली ही. जेवण साधं, किमती सौम्य.

शहराच्या नव्या भागाकडे, प्लाथा दे लास तेन्दियासपासून थोडं वर सान मिगेल चर्चमागे एल पिस्तो आहे. कागदोपत्री नाव ताबेर्ना सान मिगेल, १८८०ची. नावाप्रमाणे पिस्तो तिथे खावा. बैलांच्या झुंजींच्या तसबिरींनी भिंती भरलेल्या, बारपाशी स्थानिकांची गर्दी. इथे टेबलाचा आग्रह न धरता बारपाशीच उभं राहा.

खास जेवणासाठी बोदेगास काम्पोस. १९०८ची ही वाइनची वखार आता अनेक अंगणांत आणि दालनांत पसरलेलं उपाहारगृह झालीय. आत पाहुण्या राजे-मंत्री-कलाकारांच्या सह्यांची पिंपं रचलेली आहेत. पण इथला बारचा भाग वेगळा आहे आणि तिथे अर्धे वाटे कमी पैशांत मिळतात, हे बऱ्याच जणांना कळत नाही. राबो दे तोरो खायचा असेल तर मी इथे खाईन.

खुदेरिया, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीतच जेवायची वेळ आली तर दोन नावं. १९२८ची कासा पेपे दे ला खुदेरिया, गच्चीवरून मेस्कीताचा मनोरा दिसतो. आणि कासा मासाल, जिथे स्पेनमधून १४९२ साली हद्दपार झालेल्या सेफार्दी ज्यूंच्या पद्धतीचं जेवण मिळतं. शाकाहारी माणसाला तिथे निवड जास्त आहे. बाकी या वस्तीत दारात उभं राहून बोलावणाऱ्या जागा टाळा, हा नियम कोर्दोबात फार क्वचित चुकतो.

सोबत काय प्यायचं

दक्षिणेला मोन्तिया-मोरिलेसचे द्राक्षमळे आहेत आणि इथल्या ताबेर्ना त्याच वाइनवर उभ्या राहिल्या. पेद्रो खिमेनेस जातीची द्राक्षं उन्हाने इतकी गोड होतात की फिनो वाइन बाहेरून मद्यार्क न घालताच पंधरा टक्क्यांपर्यंत पोचते. कोरडी, थंड, तळलेल्या पदार्थांना नेमकी. बारपाशी ‘उन मेदिओ’ म्हणा, इथल्या जुन्या मापाचा पेला येईल. तीच द्राक्षं उन्हात चटयांवर सुकवून केलेली काळसर, दाट, अतिगोड वाइन जेवणानंतर घेतात, किंवा आइस्क्रीमवर ओततात.

ऋतू पाहून जा

मे महिन्यात क्रूस (फुलांनी सजवलेले क्रूस), पातिओ (अंगणं) आणि फेरिया (जत्रा) असे उत्सव ओळीने येतात. फुलांनी भरलेल्या अंगणांचा उत्सव २०१२पासून युनेस्कोच्या यादीत आहे. शहर तेव्हा अप्रतिम दिसतं, पण टेबलं आधीच भरलेली असतात, त्यामुळे आठवडे आधी नोंदणी करा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी गार पदार्थांवर भागवा आणि रात्री दहाला जेवा. फेब्रुवारीअखेरपासून जूनपर्यंत चौकाचौकांत गोगलगायींच्या टपऱ्या लागतात. पुदिन्याच्या वासाच्या रश्श्यात लहान गोगलगायी पेल्यात भरून देतात, आधी त्या खायच्या, मग रस्सा प्यायचा. प्लाथा दे ला मागदालेनातली टपरी नावाजलेली आहे.

मोठा खर्च करायचा असेल तर

जुन्या शहराबाहेर कान्येरो वस्तीत शेफ पाको मोरालेस यांनी २०१६ साली नूर हे उपाहारगृह उघडलं. सुरुवातीच्या वर्षांत तिथे टोमॅटो, बटाटा, मिरची, चॉकलेट यांतलं काहीच वापरायचं नाही असा दंडक होता. अमेरिकेचा माल येण्याआधीचं अल-अंदालुस, म्हणजे मुस्लिम अमलातलं स्पेन, ताटात आणायचं म्हणून. दर हंगामात ते एकेका शतकात पुढे सरकत गेले, आणि २०२३च्या अखेरीस त्यांना तिसरा मिशेलिन तारा, म्हणजे उपाहारगृहांना मिळणारा सर्वोच्च मान, मिळाला. खर्च मोठा आहे, नोंदणी फार आधी लागते आणि शाकाहार असेल तर तो नोंदणीच्या वेळीच कळवावा लागतो. पण मासामोर्राने ज्याचं कुतूहल जागं केलं असेल, त्याने या खर्चासाठी दुसरीकडे काटकसर करावी असं मला मनापासून वाटतं.

निघण्याआधी

पास्तेल कोर्दोबेस हा इथला खास गोड प्रकार: पदर सुटणाऱ्या पारीत कोहळ्यासारख्या सिद्रा फळाचा तंतुदार मुरांबा. काही ठिकाणी आत खामोनही घालतात आणि पारीत चरबी असू शकते, तेव्हा विचारून घ्या. १७ नोव्हेंबरला, शहराच्या संरक्षक संतांच्या दिवशी, घरोघरी हा आणतात. आणि तेल घ्या. काचेची बाटली न घेता पत्र्याचा डबा, त्यावर बाएना किंवा प्रिएगो दे कोर्दोबाची प्रदेशमुद्रा आणि ‘विर्खेन एक्स्त्रा’ हे शब्द पाहून. सुगीची तारीख छापलेली असेल तर ताजी निवडा. विमानात हातातल्या सामानात १०० मिलिलिटरच्या वर तेल चालत नाही, म्हणून डबा प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवा.